बालवाडीच्या बाईंचा पगार कोणी द्यायचा?

मोठागट_ब

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. मी तालुक्याच्या गावात एका खासगी संस्थेच्या बालवाडीत मोठ्या गटाला शिकवते. संस्था जुनी, गावात मान असलेली. एकाच आवारात बालवाडी, प्राथमिक आणि हायस्कूल. प्राथमिकला शंभर टक्के अनुदान आहे, बालवाडी मात्र 'संस्थेची'. भिंतीपलीकडे पहिलीला शिकवणाऱ्या बाईंना सातव्या वेतन आयोगाची एस-१० श्रेणी. मूळ पगार २९,२०० पासून पुढे, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. भिंतीच्या अलीकडे मला सात हजार, तेही जून ते एप्रिल. मे महिन्यात आम्ही संस्थेच्या कोणी नसतो. जूनमध्ये पुन्हा नवीन अर्ज, नवीन नेमणूक, आणि सेवा मोजायची वेळ आली की पाटी कोरी.

डी.एड. त्यांचंही झालंय, माझंही. माझ्या वर्गातली पोरं एप्रिलमध्ये माझ्याकडे असतात आणि जूनमध्ये त्यांच्याकडे जातात. मधल्या दोन महिन्यांत मुलांमध्ये असं काय बदलतं?

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की तीन ते आठ हा एकच पायाभूत स्तर. पहिली-दुसरी आणि त्याआधीची तीन वर्षं एकत्र धरायची, आणि २०३० पर्यंत सगळ्या मुलांना चांगलं बालशिक्षण मिळालं पाहिजे. प्रशिक्षणांत तेच सांगतात, पोस्टरवर तेच असतं. पण २००९ चा शिक्षणहक्क कायदा सुरूच होतो सहाव्या वर्षापासून. त्याच्या कलम ११ मध्ये तीन ते सहाच्या मुलांसाठी सरकार 'व्यवस्था करू शकेल' एवढंच आहे. करू शकेल! घटनेच्या कलम ४५ मध्येही २००२ च्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी शासन 'प्रयत्न करील' अशीच भाषा आहे. धोरणाने पोरं शाळेत आणली, कायद्याने बाईंना फाटकाबाहेर ठेवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. एकदम २९,२०० कोणी देणार नाही, तेवढं मलाही कळतं. पण शिक्षणसेवकाला, म्हणजे नव्याने लागलेल्या मानधनावरच्या शिक्षकाला, २०२३ पासून प्राथमिकला १६,००० मानधन मिळतं. ज्या बालवाडीची फी साधी आहे आणि जिच्या बाई प्रशिक्षित आहेत, तिथे तेवढा तरी तळ सरकारने धरावा आणि पैसे थेट बाईंच्या खात्यात टाकावेत. संस्थेच्या हातात नकोत. का नकोत ते या क्षेत्रातल्यांना सांगायला नको.

इथे शिक्षक, संस्थाचालक, पालक सगळेच आहेत. बोला.

---

घाटमाथा

तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, पण खासगी संस्थेत स्वतःहून नोकरी धरायची आणि पगार सरकारने द्यायचा, हे काही पटलं नाही. डी.एड. आहात तर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (भरतीची अभियोग्यता चाचणी) द्या आणि सरकारी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून या. करदात्याने किती जणांचं ओझं उचलायचं?

---

मोठागट_ब

टीईटी पास आहे. टेटही दिली आहे. जागाच निघत नाहीत आणि निघतात तेव्हा यादी कुठे थांबते ते माहीत आहे.

आणि खासगी संस्थेला सरकार पैसे देत नाही असं कोणी सांगितलं? महाराष्ट्रातल्या बहुतेक अनुदानित शाळा खासगी संस्थांच्याच आहेत. त्यांचे पगार सरकारी तिजोरीतूनच होतात, आज नाही, पिढ्यान्पिढ्या. 'खासगी' हा शब्द पहिलीच्या बाईंना आडवा येत नाही, मलाच येतो.

---

चिंचेखालची

माझी आई अंगणवाडी सेविका आहे, म्हणून थोडं आमच्या बाजूनेही.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, म्हणजे पन्नास वर्षं होऊन गेली. अजूनही आईला पगार नाही, 'मानधन' आहे. २०२३ मध्ये ८,३२५ चे १०,००० झाले. मग ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभर संप झाला, तो जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालला. आई त्या थंडीत आझाद मैदानात जाऊन आली. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ३,००० ची वाढ आली आणि वर २,००० पर्यंत प्रोत्साहन भत्ता. म्हणजे १३ हजार अधिक २ हजार. ते २ हजार अटींवर असतात, ते विसरू नका. यात केंद्राने ठरवलेली रक्कम २०१८ पासून ४,५०० वरच अडकलीय. त्या साडेचार हजारातसुद्धा साठ टक्के केंद्र, चाळीस टक्के राज्य. बाकीची सगळी वाढ राज्याने केलेली.

आणि आई फक्त शिकवते का? पोषण ट्रॅकर, वजनं, उंची, घरपोच आहार, गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरणाचा दिवस, निवडणुकीची कामं. शिकवायला वेळ उरला तर गाणी. त्यामुळे खासगी बालवाडीच्या बाईंना १६,००० द्या म्हटल्यावर आमच्या गल्लीत पहिला प्रश्न हा येईल की सेविकांचं काय? आधी त्यांना तरी कर्मचारी म्हणा.

राग मानू नका.

---

मोठागट_ब

राग कसला. तुमच्या आईंना १३ मिळतात ते संपामुळे मिळतात. आमच्याकडे संपच होऊ शकत नाही. एका बालवाडीत तीन-चार बाया. एक बसली तर दुसऱ्या दिवशी गेटवर दहा अर्ज.

---

बाकावरचा_मास्तर

निवृत्त मुख्याध्यापक आहे, अनुदानित शाळेत आयुष्य गेलं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे अनुदान काही आकाशातून पडत नाही. 'कायम विनाअनुदानित', म्हणजे कधीच अनुदान मागणार नाही या अटीवर मान्यता मिळालेल्या शाळा. त्यातला 'कायम' शब्द २००९ मध्ये काढला. त्यानंतर मूल्यांकन, पात्र-अपात्र याद्या, २०१६ मध्ये २० टक्के अनुदान, मग ४०, मग ६०, आणि पुढच्या टप्प्यासाठी २०२५ च्या जुलैतसुद्धा शिक्षक आझाद मैदानात पावसात बसले होते. हे पहिली ते बारावीचं, जिथे मान्यता आहे, पटसंख्या आहे, संचमान्यता (पटावरून शिक्षकांची मंजूर पदं ठरवणं) आहे. बालवाडीला यातलं काहीच नाही. आपल्या राज्यात किती खासगी बालवाड्या आहेत याची पक्की यादीच शासनाकडे नव्हती. २०२५ मध्ये पोर्टलवर नोंदणी करा म्हणून सांगितलं तेव्हा कुठे मोजदाद सुरू झाली. जे मोजलेलं नाही त्याला तरतूद कशी होणार?

दुसरी गोष्ट जरा बोचेल. आमच्या पिढीने ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे फोटो शाळेत लावले. १९४५ ला बोर्डीत सुरू केलेलं काम, मग कोसबाड, आदिवासी पाड्यात जाऊन अंगणातच भरवलेली शाळा, सगळं भाषणात सांगितलं. आणि त्याच भाषणाच्या शेवटी बालवाडीच्या बाईंना 'हे व्रत आहे' म्हणून सातशे रुपये महिन्यावर ठेवलं. मी स्वतः संस्थेच्या बैठकांना बसायचो. एक वाक्य दर वेळी यायचं: 'त्यांच्या घरी मिस्टरांचा पगार आहे ना.' पुरुष शिक्षकाचा पगार ठरवताना त्याची बायको काय कमावते असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

---

लाटकर_

मास्तर, +१. 'मिस्टरांचा पगार' हे महाराष्ट्राचं अलिखित बालशिक्षण धोरण आहे.

---

पाटी_आणि_पेन्सिल

मी संस्थाचालक आहे. म्हणजे इथे आता मला जोडे पडणार. पडू देत. आधी हिशेब बघा.

माझी बालवाडी निमशहरी भागात आहे, कोणाची फ्रँचायझी नाही. एका वर्गात ३० मुलं. फी महिन्याला १,००० रुपये, म्हणजे कागदावर ३०,०००. पाच-सहा पालक दिवाळीपर्यंत थकवतात. वर्गाला एक बाई, दोन वर्गांत मिळून एक मावशी. जागेचं भाडं, वीज, खेळणी, स्वच्छतागृह, सीसीटीव्ही, विमा. या ३०,००० मधून बाईंना २९,२०० द्यायचे तर मी दुसऱ्या दिवशी शटर ओढतो. १६,००० द्यायचे तर फी दीडपट करावी लागते, आणि फी दीडपट केली की अर्धी मुलं समोरच्या घरगुती नर्सरीत जातात, जिथली बाई बारावी पास आहे आणि चार हजारांवर राबते.

कोरोनात २०२० ला बंद झालं ते जवळपास दोन वर्षं. बालवाड्या सगळ्यात आधी बंद, सगळ्यात शेवटी सुरू. त्या काळात आम्हाला एक रुपया कोणी दिला नाही. आमच्या भागातल्या कित्येक बालवाड्या तेव्हा गेल्या त्या गेल्याच.

आणि सरकारचे पैसे येतात म्हणता? गरीब आणि वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांचं बघा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १२ मध्ये स्पष्ट आहे की शाळेत पूर्वप्राथमिक असेल तर तिथूनच प्रवेश द्यायचा. आपल्याकडे नर्सरीत घेतलेल्या मुलांच्या फीचा परतावा सरकारने नाकारला, देऊ तर पहिलीपासूनच म्हणाले. आणि पहिलीपासूनचे मुलामागे १७,६७० ठरले तेही वर्षानुवर्षं थकीत. अशा सरकारच्या भरवशावर मी बाईंना १६ हजारांचं नेमणूकपत्र द्यायचं? हप्ता आला नाही तर बाई कोणाच्या दारात उभ्या राहणार, शिक्षणाधिकाऱ्यांच्या की माझ्या?

---

घाटमाथा

हा हिशेब पहिल्यांदा कोणीतरी मांडला. धन्यवाद.

---

मोठागट_ब

पाटी_आणि_पेन्सिल, तुमचा हिशेब मला खोटा वाटत नाही. म्हणूनच तर मी पैसे संस्थेकडून मागत नाही, सरकारकडून मागते. तुम्ही आणि मी भांडून फीमधून हे सुटणारच नाही. ज्या पालकांना हजार जड जातात त्यांच्याकडून तीन हजार काढणं हा काही उपाय नाही.

पण एक विचारते. तुमच्याकडे बाईंना मे महिन्याचा पगार आहे का?

---

पाटी_आणि_पेन्सिल

अर्धा.

---

रेवा_दक्षिणेकडची

मी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला बालशिक्षण केंद्रात शिक्षिका आहे, मूळची नाशिकची. इथे नेमका हाच वाद झाला, म्हणून लिहिते.

इथे सरकार खासगी केंद्रांनाही पैसे देतं, दर मुलामागे दर तासाला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे आठवड्याचे वीस तास २००७ पासून सरकारी अनुदानात आहेत. केंद्रात पात्र शिक्षकांचं प्रमाण जास्त असेल तर दर जास्त. तरीही ना-नफा संघटनांच्या किंडरगार्टनमधल्या शिक्षकांना प्राथमिकच्या बरोबरीचा पगार आणि खासगी केंद्रातल्यांना बराच कमी, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. १ जानेवारी २०२२ पासून नवी पद्धत आली. केंद्राने लिहून द्यायचं की आमच्या शिक्षकांना ठरलेल्या पायऱ्यांइतका तरी पगार देऊ, आणि मग त्या केंद्राला अनुदानाचा वरचा दर मिळायचा. सक्ती नाही, पण लिहून दिलं नाही तर वरचा दर नाही. माझा पगार खरंच वाढला.

सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. अनुदानाचा दर शिक्षिकेच्या अनुभवाप्रमाणे बदलत नाही आणि तिचा पगार मात्र अनुभवाप्रमाणे चढत जाणारा. त्यामुळे वीस वर्षं शिकवलेली बाई केंद्राला महाग पडते आणि नवी पोरगी स्वस्त. मुलाखतीत अनुभव जास्त असणं अडचणीचं ठरतं, हे मी मैत्रिणींच्या बाबतीत बघितलंय. तुमच्याकडे काही मागणी तयार करत असाल तर ही फट आधीच बुजवा. मुलामागे पैसे मागू नका, बाईंच्या पदामागे मागा.

---

लाटकर_

पदामागे म्हणजे पुन्हा संचमान्यता आलीच, मास्तर हसत असतील.

---

बाकावरचा_मास्तर

हसत नाही, पण मान डोलावली. अनुदानित शाळेत पगार पदाला मिळतो म्हणूनच जुना शिक्षक संस्थेला जड होत नाही. रेवाताईंचा मुद्दा लाखमोलाचा आहे.

---

शहरी_पालक

सगळं ठीक, पण पुण्या-मुंबईत नर्सरीची वर्षाला लाखभर फी घेणाऱ्या साखळी शाळा आहेत. मी स्वतः भरतो. तिथल्या मॅडमलाही पंधरा-अठरा हजारच मिळतात, विचारलंय मी. त्यांना पण सरकारने द्यायचे का? तिथे नफ्यातून द्या ना.

---

मोठागट_ब

अजिबात द्यायचे नाहीत. म्हणून फीची मर्यादा लिहिली. फी ठरावीक रकमेच्या वर गेली की एक पैसा मिळू नये, उलट तिथे किमान पगाराचं बंधन हवं.

---

काळाकोट_सोलापूर

वकिली करतो, कामगार न्यायालयात बरंच काम असतं. वर 'किमान पगाराचं बंधन' आलं म्हणून लिहितो, कारण नेमकं तेच नाही आणि का नाही ते फार कमी लोकांना माहीत असतं.

शिक्षक हा कामगार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितलं. तो खटला गोव्यातल्या एका शिक्षिकेचाच होता, खासगी शाळेने काढून टाकलं म्हणून. शिकवणं हे उदात्त काम, कारकुनी वा अंगमेहनतीचं नव्हे, म्हणून औद्योगिक विवाद कायदा लागू नाही. मग १९९६ मध्ये हरियाणाच्या शाळांच्या खटल्यात ठरलं की किमान वेतन कायद्यातही शिक्षक बसत नाही. म्हणजे शाळेच्या मावशींना किमान वेतन मागता येतं, बाईंना नाही. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात मावशींचा कायदेशीर हक्काचा आकडा बाईंच्या हातातल्या पगारापेक्षा जास्त निघत होता.

महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे आणि १९८१ ची नियमावली. वेतनश्रेणी, नेमणूक, बडतर्फी, शाळा न्यायाधिकरण, सगळं त्यात आहे. पण तो मान्यताप्राप्त शाळांना. कोणत्याही शाळेला न जोडलेल्या सुट्या बालवाडीला मान्यताच नसते, मग त्या व्याख्येत शिरायचं कुठून?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत 'कर्मचारी' ची व्याख्या जुन्या कायद्यापेक्षा बरीच रुंद आहे, पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकही आत घेतलेत. 'शिक्षक' हा शब्द मात्र त्यातही नाही. यावर खटले होतील आणि व्हायला हवेत.

आता हातात येण्यासारखं एक सांगतो. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम. २००४ मध्ये न्यायालयाने तीही शिक्षकांना नाकारली होती. मग संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त केला, तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरला, आणि २९ ऑगस्ट २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांनाही ग्रॅच्युइटी मिळालीच पाहिजे असा निकाल आला होता, गुजरातच्या प्रकरणात. चिंचेखालची, आईंना सांगा. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला असला तरी दहा माणसांची आस्थापना आणि पाच वर्षांची सेवा हा सांगाडा तसाच आहे.

---

मोठागट_ब

माझी चौदा वर्षं झाली. पण दर जूनला नवी ऑर्डर आहे ना. त्यात दहा माणसं कुठून आणू? बालवाडीत आम्ही चौघी आणि दोन मावश्या.

---

काळाकोट_सोलापूर

ट्रस्ट एकच आहे, आवार एक, कार्यालय एक, सही करणारा सचिव एक. मग बालवाडी ही वेगळी आस्थापना आहे हे संस्थेने सिद्ध करायचं. प्राथमिक आणि हायस्कूल धरलं की दहा कधीच ओलांडले. मे महिन्याच्या तुटीबद्दल: सुटीसाठी दिलेला कृत्रिम खंड मोडून काढता येतो, पण तुम्ही सलग त्याच संस्थेत, तेच काम करत होतात याचा कागद हवा. ७,००० पगार आणि १४ वर्षं धरली तर पगार गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले वर्षं या सूत्राने साधारण ५६,५०० होतात. मोठी रक्कम नाही. पण ती देताना संस्थेला तुमची चौदा वर्षं कागदावर मान्य करावी लागतात आणि पुढच्या प्रत्येक मागणीला तो कागद उपयोगी पडतो. नोकरी सोडल्यावरच मागता येते, हे लक्षात ठेवा. आता फक्त पुरावे जमवा.

---

पाटी_आणि_पेन्सिल

वकीलसाहेब, आमची सुटी बालवाडी आहे, आठ जणींची. म्हणजे मला लागू नाही?

---

काळाकोट_सोलापूर

गेल्या बारा महिन्यांत एक दिवस जरी दहा झाल्या असतील तर लागू. एकदा लागू झाला की नंतर संख्या घटली तरी लागूच राहतो. स्नेहसंमेलनाच्या काळात तात्पुरत्या दोघी घेतल्या होत्या का, आठवून बघा. :)

---

चिंचेखालची

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या बाईंना सांग, आमच्या मोर्चाला ये म्हणावं. तीन ते सहाची पोरं त्यांचीही तीच, आमचीही तीच. दोघींचं निवेदन एकत्र गेलं तर महिला व बालविकास खातं शिक्षण खात्याकडे बोट दाखवणार नाही आणि शिक्षण खातं परत इकडे दाखवणार नाही. आत्तापर्यंत तेच होतंय.

---

बाकावरचा_मास्तर

हे महत्त्वाचं बोलल्या तुमच्या आई. बालवाडी शिक्षण खात्याची, अंगणवाडी महिला-बालविकासची, पालिकेच्या बालवाड्या तिसरीकडेच. निवेदन द्यायचं तर दोन्ही सचिवांना आणि वित्त विभागाला प्रत. मसुदा मी लिहून देतो. रेवाताईंची 'पदामागे' ही अट, फीची मर्यादा, थेट खात्यात वेतन, बारा महिन्यांची नेमणूक. सेविकांचा मुद्दा पहिला घेऊ.

---

घाटमाथा

करदाता म्हणून एक अट माझीही घाला. कोणत्या बालवाडीला किती पैसे गेले ते त्याच पोर्टलवर सगळ्यांना दिसलं पाहिजे.

---

मोठागट_ब

घालू. मास्तर, मसुदा इथेच टाका, व्यक्तिगत निरोपात नको. काळाकोट, माझ्याकडे जुन्या ऑर्डरी सगळ्या नाहीत, पहिल्या चार-पाच वर्षांत व्हाउचरवर सही घेऊन रोख द्यायचे. पण दर वर्षीचे वर्गाचे फोटो आहेत आणि प्रगतिपुस्तकांवर माझ्या सह्या आहेत. जुन्या पालकांकडून प्रगतिपुस्तकांच्या झेरॉक्स मागवल्या तर चालतील का?

---

काळाकोट_सोलापूर

चालतील. मुख्याध्यापकांचा शिक्का असलेल्या आधी मागवा. आणि संस्थेत कोणाला सांगत बसू नका.